फ्रेमवर्कची वहिवाट कुठं मोडायची

कागल तालुक्यातल्या कुठल्याही गावात पहाटे सहाच्या सुमाराला दूध संस्थेत डोकावून बघा. दारात किटल्यांची रांग असते. आत टेबलावर वजनकाटा, त्याच्या शेजारी फॅट मशीन आणि त्याला लागून संगणक. सचिवाचा डावा हात नमुन्याच्या बाटलीवर असतो आणि उजवा हात कीबोर्डच्या उजव्या टोकाला, अंकांच्या चौकटीवर. उत्पादकाचा कोड, लिटर, फॅट, एसएनएफ असे चार आकडे टाकले की पावती निघते आणि रांग पुढं सरकते.

या अंकांच्या चौकटीत एंटर आहे, टॅब नाही. टॅब कीबोर्डच्या डाव्या टोकाला आहे. पण विंडोज फॉर्म्समध्ये नवा फॉर्म करून त्यावर चार रकाने ठेवले, तर पुढच्या रकान्यात जायला टॅबच लागतो. एंटर दाबला तर नुसती घंटा वाजते, नाहीतर फॉर्मचं ठरवून दिलेलं बटण दाबलं जाऊन अर्धवट नोंद जतन होते. माझा पहिला दूध संकलनाचा प्रोग्राम मी असाच बसवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवांनी तो बंद करून वही काढली आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. दर नोंदीला चार वेळा हात इकडून तिकडं न्यायचा, तेही बाहेर साठ-सत्तर माणसं ताटकळत असताना, हे कुणालाच परवडणारं नाही.

आपल्या भागात जी तरुण मुलं दूध संस्था, पतसंस्था, वजनकाटे किंवा पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांसाठी डेस्कटॉप प्रोग्राम लिहितात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. फ्रेमवर्क आपल्याला बरंच काही तयार देतं, आणि त्या तयार गोष्टींबरोबर त्याच्या सवयीही येतात. कुठली सवय राहू द्यायची, कुठली बदलायची आणि बदलताना बाकीचं कसं सांभाळायचं, हे मला जसं उमगलं तसं सांगतो.

डिफॉल्ट या शब्दाला मी मनातल्या मनात ‘वहिवाट’ म्हणतो. शेतातली वहिवाट कुणीतरी, कधीतरी, स्वतःच्या सोयीनं पाडलेली असते. टॅबची वहिवाट कार्यालयात दोन्ही हातांनी टाइप करणाऱ्यांच्या सोयीची आहे आणि त्यांच्यासाठी ती योग्यच आहे. आपल्याकडच्या संस्थांमध्ये मात्र संगणक आला तो डॉसवरच्या फॉक्सप्रोच्या प्रोग्रामांबरोबर, आणि तिथं एंटर दाबला की पुढचा रकाना येई. टॅलीतही एंटरनंच पुढं जायचं असतं. वीस-पंचवीस वर्षं बोटांना हीच सवय लागलेली आहे. तेव्हा बदल करण्याआधी ही वाट कुणाच्या पायांनी पडली आणि आपल्या माणसाचे पाय कुठून जातात, हे बघून घ्यावं.

फ्रेमवर्कचं वागणं बदलायचे चार रस्ते आहेत आणि ते सोप्याकडून अवघडाकडं जातात. पहिला रस्ता गुणधर्माचा, म्हणजे प्रॉपर्टीचा. बऱ्याचदा हवी ती सोय फ्रेमवर्कनं आधीच ठेवलेली असते आणि आपण ती न बघता पन्नास ओळी लिहितो. दुसरा इव्हेंटचा. तिसरा म्हणजे मूळ क्लासपासून आपला क्लास काढून त्यातली मेथड ओव्हरराइड करणं. चौथा म्हणजे डब्ल्यूएनडीप्रॉकमध्ये शिरून विंडोजचे कच्चे संदेशच अडवणं. या चौथ्या रस्त्याची गरज मला आजवर दोन-तीनदाच पडली. तिसऱ्याची पडते, पण आधीचे दोन तपासून झाल्यावर.

आता एंटरकडं येऊ, कारण अडचणी इथंच जास्त आहेत.

विंडोज फॉर्म्समध्ये दाबलेली कळ थेट रकान्यात पोचत नाही. पाटाचं पाणी जसं एकेका दारातून पुढं जातं, तशी ती वाटेत तपासली जाते. पहिलं दार प्रोसेससीएमडीकी या मेथडचं. त्यानंतर इझइनपुटकी आणि मग प्रोसेसडायलॉगकी, जिथं टॅब, बाण आणि एंटर यांची फ्रेमवर्कची स्वतःची कामं होतात. एवढं होऊन कळ उरली, तरच कीडाउन इव्हेंट येतो. म्हणूनच फॉर्मचं कीप्रीव्ह्यू चालू करून कीडाउनमध्ये एंटर पकडायचा सोपा उपाय कधी चालतो आणि कधी चालत नाही. फॉर्मला अ‍ॅक्सेप्टबटण नेमलेलं असेल तर एंटर वरच्या दारातच संपतो आणि कीडाउनपर्यंत येतच नाही. पुष्कळ जण इथं दिवस घालवतात. दारांचा क्रम माहीत असला की चूक पाच मिनिटांत सापडते.

यावर मी फॉर्मचा एक पाया-क्लास करून ठेवला आहे आणि नोंदीचे सगळे फॉर्म त्यातून काढतो. त्यात प्रोसेससीएमडीकी ओव्हरराइड केली आहे. कळ एंटर असेल तर सिलेक्टनेक्स्टकंट्रोल बोलावून पुढच्या रकान्यात जायचं आणि ‘ट्रू’ परत द्यायचं, म्हणजे ही कळ हाताळली, पुढं पाठवू नका. शिफ्टसह एंटर असेल तर मागच्या रकान्यात. बाकी कुठलीही कळ असली तर मूळ क्लासची तीच मेथड बोलावून तिचं उत्तर जसंच्या तसं परत द्यायचं. ही शेवटची ओळ विसरलात तर मेनूचे शॉर्टकट मुकाट्यानं मरतात आणि का मेले ते लवकर ध्यानात येत नाही.

पण एवढ्यानं भागत नाही. कर्सर ‘जतन करा’ या बटणावर असेल तर एंटरनं बटण दाबलं गेलं पाहिजे, पुढं जाता कामा नये. शेरा लिहायचा रकाना अनेक ओळींचा असेल तर एंटरनं नवी ओळ यायला हवी. कॉम्बोबॉक्सची यादी उघडी असेल तर एंटरनं नाव निवडलं गेलं पाहिजे. म्हणून आधी सध्याचा कंट्रोल कोणता ते बघायचं आणि या तिन्ही ठिकाणी कळ मूळ क्लासकडं सोडायची. अंकांच्या चौकटीतला एंटर आणि मोठा एंटर यांचा कळक्रमांक एकच असतो, त्यामुळं त्यांच्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही.

तक्त्याचं, म्हणजे डेटाग्रिडव्ह्यूचं प्रकरण वेगळं आहे. त्यात एंटर दाबला की कर्सर खालच्या ओळीत जातो. आपल्याला तो उजवीकडच्या खान्यात हवा असतो. इथं दोन मेथड ओव्हरराइड कराव्या लागतात. खाना संपादनात असताना प्रोसेसडायलॉगकी चालते आणि नसताना प्रोसेसडेटाग्रिडव्ह्यूकी. एकच केली, तर आकडा टाइप केल्यावर कर्सर उजवीकडं जातो आणि नुसतं फिरताना खाली. सचिव सांगतात, ‘कधी असं करतंय, कधी तसं.’ असं कुणी म्हणालं की सगळ्यात आधी या दोन मेथड तपासा. दोन्हींत एंटरच्या जागी प्रोसेसटॅबकी बोलावली की काम होतं. पण वरचा फॉर्मचा क्लास एंटर आधीच गिळत असेल तर तो इथवर पोचणारच नाही, तेव्हा अपवादांच्या यादीत तक्ताही घाला. आकडा टाकत असताना कर्सर तक्त्यातल्या संपादन-रकान्यात असतो, म्हणून त्याचाही विचार करा.

उंदराच्या, म्हणजे माउसच्या, चाकाचा दोष यापेक्षा वाईट, कारण तो दिसत नाही. फॅटच्या रकान्यासाठी न्यूमेरिकअपडाउन वापरावं असं कुणालाही वाटेल. कमीत कमी, जास्तीत जास्त, दशांश स्थळं, सगळं त्यात तयार आहे. पण कर्सर त्यात असताना उंदराचं चाक फिरलं तर आकडा बदलतो. त्यातही चाकाचा एक टप्पा म्हणजे एक पायरी नव्हे. विंडोजमध्ये एका टप्प्याला जितक्या ओळी सरकवायच्या ठरल्या असतील तितक्या पायऱ्या, म्हणजे सहसा तीन. पायरी ०.१ ची असेल तर ६.५ फॅटचं एका झटक्यात ६.८ होतं. यादी सरकवायला म्हणून माणूस चाक फिरवतो, ना आवाज होतो ना सूचना येते. एका संस्थेत दहा दिवसांच्या फॅटची सरासरी दूध संघाच्या तपासणीशी जुळेना, तेव्हा संशय आधी मशीनवर आणि मग दूध घालणाऱ्यांवर गेला. खरा दोष माझ्या फॉर्ममध्ये होता. माणसाच्या इमानावर बोट दाखवलं जाईल अशी चूक प्रोग्राममध्ये राहू देणं मला फार जड वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

उपाय छोटा आहे. न्यूमेरिकअपडाउनमधून आपला क्लास काढा आणि ऑनमाउसव्हील ओव्हरराइड करा. आत मूळ मेथड बोलवायची नाही. फक्त आलेला इव्हेंट हँडल्डमाउसइव्हेंटआर्ग्ज प्रकारात घेऊन त्याचं हँडल्ड ‘ट्रू’ करायचं. कॉम्बोबॉक्सलाही हेच लागू आहे. तिथं चाकानं गायीची म्हैस होते आणि दरच बदलतो. क्यूटीत लिहिणाऱ्यांनी क्यूस्पिनबॉक्सचा व्हीलइव्हेंट ओव्हरराइड करून इव्हेंटला इग्नोर म्हणावं, म्हणजे चाक बाहेरच्या सरकत्या भागाला मिळतं आणि पान सरकतं.

मूळ मेथड कधी बोलवायची आणि कधी नाही, हा प्रश्न इथं येतोच. डॉटनेटमध्ये ‘ऑन’नं सुरू होणारी मेथड बहुतेक वेळा इव्हेंट उठवण्याचं काम करते. तुम्ही ऑनफॉर्मक्लोजिंग ओव्हरराइड केलीत आणि आत बेसची, म्हणजे मूळ क्लासची, मेथड बोलावली नाहीत, तर फॉर्मक्लोजिंग इव्हेंटला जोडलेला कुणाचाही कोड चालणार नाही. तो कोड दुसऱ्यानं लिहिलेला असेल, किंवा तुम्हीच वर्षापूर्वी लिहून विसरला असाल. म्हणून बेस बोलवायचंच असं धरून चालावं. न बोलवण्याला पक्कं कारण असलं तरच टाळावं आणि ते कारण तिथंच एका ओळीत लिहून ठेवावं. वर चाकाच्या बाबतीत बेसचं वागणंच नको होतं, हे झालं कारण.

फॉर्म बंद होण्याबद्दल आणखी एक. ‘नोंदी जतन केल्या नाहीत, बंद करू का?’ असं विचारणं चांगलं. पण विचारण्याआधी क्लोजरीझन बघा. माणसानं फुलीवर दाबलं असेल तरच विचारा. विंडोजच बंद होत असेल तर न विचारता मसुदा जतन करा आणि जाऊ द्या. नाहीतर संध्याकाळचं संकलन आटोपून सचिव संगणक बंद करायला सांगून कुलूप लावून जातात आणि पडद्यावर रात्रभर तो एक प्रश्न उभा राहतो. जावा स्विंगमध्ये वहिवाट उलटी आहे. जेफ्रेमची फुली दाबली की खिडकी नुसती लपते, प्रोग्राम मागं चालूच राहतो. तिथं आधी ‘डू नथिंग ऑन क्लोज’ सांगून मग विंडोलिसनरमध्ये आपलं काम करायचं.

आता तारीख. आपल्याकडं दुधाचं बिल दहा दिवसांचं असतं. १ ते १०, ११ ते २० आणि २१ पासून महिनाअखेरपर्यंत. संगणक विकत घेतल्यावर विंडोजची प्रादेशिक मांडणी बऱ्याचदा अमेरिकी इंग्रजीच राहते, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. सचिवांनी ५/६ लिहिलं की त्यांच्या मनात ५ जून असतो, संगणक ६ मे घेतो. १३ तारखेपासून पुढं चूक लगेच कळते, कारण तेरावा महिना नसतो आणि प्रोग्राम अडतो. पण १ ते १२ पर्यंत तो अडत नाही. याचा अर्थ महिन्याच्या पहिल्या बिलातल्या जवळजवळ सगळ्या तारखा कुठलीही तक्रार न करता उलटू शकतात. उत्पादकाचं पहिल्या दहा दिवसांचं दूध वर्षभरात विखुरतं आणि बिल जवळजवळ कोरं निघतं.

त्यामुळं मी यंत्राच्या मांडणीवर विसंबत नाही. प्रोग्राम सुरू होताच भारतीय इंग्रजी किंवा मराठी कल्चर घेऊन त्याची प्रत करतो, लघु तारखेचा साचा दिवस-महिना-वर्ष असा स्वतः लिहितो आणि ते कल्चर सगळ्या थ्रेडना लावतो. डॉटनेट ४.५ पासून डिफॉल्टथ्रेडकरंटकल्चर हा त्यासाठीचा गुणधर्म आहे. साचा हातानं लिहायचा, कारण डॉटनेटच्या नव्या आवृत्त्या ही माहिती वेगळ्या ठिकाणाहून घेतात आणि आवृत्ती बदलली की साचा बदलू शकतो. भारतीय कल्चरमुळं रकमेचा स्वल्पविरामही जागेवर येतो, १,२३४,५६७ ऐवजी १२,३४,५६७ छापलं जातं. वार्षिक सभेत अहवाल वाचणाऱ्या चेअरमनना याचं मोल ठाऊक असतं.

दोन ठिकाणं मात्र या कल्चरला जुमानत नाहीत. विंडोज फॉर्म्सचा डेटटाइमपिकर हा मुळात विंडोजचा कंट्रोल असल्यामुळं तो यंत्राचीच मांडणी घेतो. त्याचा फॉरमॅट कस्टम करून साचा वेगळा द्यावा लागतो. दुसरं ठिकाण डब्ल्यूपीएफ. तिथं बाइंडिंगमधून दाखवलेली तारीख किंवा रक्कम, तुम्ही कल्चर काहीही लावा, अमेरिकी इंग्रजीतच येते, कारण प्रत्येक घटकाच्या लँग्वेज या गुणधर्माचं मूळ मूल्य तेच आहे. फ्रेमवर्कएलिमेंटच्या लँग्वेज प्रॉपर्टीचा मेटाडेटा ओव्हरराइड करून तिथं आपली भाषा बसवायची. हे पहिली खिडकी उघडण्याआधी आणि एकदाच करायचं. त्याच प्रकारासाठी दुसऱ्यांदा केलं तर प्रोग्राम अपवाद फेकून थांबतो. आणि डेटाबेसमध्ये तारीख मजकूर म्हणून कधीच ठेवू नका, तारखेच्या प्रकारातच ठेवा.

पैशांच्या पूर्णांकनाबद्दल थोडं. समजा गायीच्या दुधाचा दर ३३.४५ आणि दूध अडीच लिटर. रक्कम येते ८३.६२५. आपण शाळेत शिकलो ते ८३.६३. एक्सेलचं राउंडही तेच देतं. डॉटनेटचं मॅथ.राउंड मात्र ८३.६२ देतं, कारण बरोबर मध्यावरचा आकडा ते जवळच्या सम अंकाकडं नेतं. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं ती पद्धत रास्त आहे, मोठ्या बेरजा एका बाजूला झुकत नाहीत. पण संस्थेचा हिशेब तपासनीस एक्सेलवर ताळा घेतो आणि पैशाचा फरक दिसला की सगळ्याच बिलाकडं संशयानं बघतो. म्हणून राउंडला मिडपॉइंटराउंडिंगचं ‘अवेफ्रॉमझीरो’ हे मूल्य स्पष्ट द्या आणि रक्कम डबलमध्ये न ठेवता डेसिमलमध्ये ठेवा. पूर्णांकन एकाच फंक्शनमध्ये करा, पावती, बिल आणि खतावणी तिघांनी तेच बोलवावं. छपाईच्या साच्यावर पूर्णांकन सोडलं, तर पावतीवर एक रक्कम आणि वहीत दुसरी असं होऊ शकतं.

नावं मराठीत टाइप करून सचिव पुढच्या रकान्यात येतात आणि मराठी कळफलक तसाच राहतो, हेही रोजचंच. तेव्हा आकड्याच्या रकान्यात देवनागरी अंक येऊ शकतात. सी शार्पमध्ये ‘हा अंक आहे का’ विचारणारी इझडिजिट मेथड ‘५’ला हो म्हणते, पण डेसिमल.पार्स त्याच ‘५’वर अपवाद फेकतं. दारानं आत घेतलं आणि घरानं नाकारलं अशी गत. आपल्या आकडा-रकान्याच्या क्लासमध्येच देवनागरी अंक आल्या आल्या बदलून घ्या. कर्सर रकान्यात शिरताना कळफलक इंग्रजी करणंही शक्य आहे, पण माणसाचा कळफलक त्याला न सांगता बदलणं मला पटत नाही.

भाषेनुसार एक सावधगिरी हवी. सी शार्पमध्ये ओव्हरराइड हा शब्द विसरलात तर मूळ मेथड झाकली जाते, बदलत नाही. कंपायलर फक्त इशारा देतो, तो वाचा. सी प्लस प्लसमध्ये २०११च्या प्रमाणापासून ओव्हरराइड हा शब्द आहे. तो लिहिला नाही आणि मेथडच्या नावात किंवा प्राचलात किंचित फरक पडला, तर क्यूटी तुमची मेथड कधीच बोलावणार नाही आणि तुम्ही तासभर विचार करत बसाल. जावातही ओव्हरराइडची खूण वर लावायचा कंटाळा करू नका. स्विंगच्या जेटेबलमध्ये तर एंटरसाठी क्लास काढायचीही गरज नाही. इनपुटमॅपमध्ये एंटरला ‘सिलेक्टनेक्स्टकॉलमसेल’ या क्रियेचं नाव जोडलं की झालं.

काही वाटा मोडूच नयेत. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, ऑल्ट-एफ-फोर, एफ-वन या माणसानं दहा प्रोग्रामांतून शिकलेल्या खुणा आहेत. टॅबही चालू ठेवा. एंटर जोडलात म्हणून टॅब काढायचं कारण नाही, बँकेत काम केलेला नवा लिपिक टॅबच दाबणार. आणि फुलीचं बटण निकामी करून माणसाला फॉर्ममध्ये कोंडू नका. नोंद अपुरी असेल तर काय अपुरं आहे ते सांगा.

हे सगळे बदल फॉर्मागणिक विखरून ठेवू नका. एक वेगळा प्रकल्प करा. त्यात आपला फॉर्म, आपला तक्ता, आपला आकडा-रकाना, आपला तारीख-रकाना असे पाच-सहा क्लास असू द्या. प्रत्येक ओव्हरराइडच्या वर मूळ वागणं काय होतं, कुणाच्या कामासाठी बदललं आणि बेस बोलावलं की नाही, हे मराठीत लिहा. फ्रेमवर्कची आवृत्ती बदलाल तेव्हा तपासायची यादी तीच.

तपासणी मात्र आपल्या टेबलावर बसून होत नाही. पहाटेच्या संकलनाला जा आणि सचिवाच्या मागं उभे राहा. पडद्याकडं कमी आणि त्यांच्या हाताकडं जास्त बघा. कुठल्या नोंदीला हात थबकतो, कुठं ते दोनदा एंटर दाबतात, कुठं उंदराकडं जातात, ते टिपून घ्या. पहिले दहा दिवस वही आणि प्रोग्राम दोन्ही चालू ठेवायला सांगा. ११ तारखेला सकाळी दोन्ही बिलं शेजारी ठेवून लिटर, फॅट आणि रक्कम कोडागणिक जुळवा. सुरुवात १ तारखेलाच करा, म्हणजे तारखा उलटत असतील तर पहिल्याच बिलात सापडतील.